‘इथल्या अनुभवा’चे थोतांड

माणसाचा अनुभव विमानप्रवासात वाटेतच कुठेतरी गळून पडतो, असा एक अजब शोध कॅनडातल्या नोकऱ्या देणाऱ्या मंडळींनी फार वर्षांपूर्वी लावून ठेवला आहे. मुंबईच्या विमानतळावर जो गृहस्थ नऊ वर्षांचा मुरलेला अधिकारी म्हणून विमानात चढतो, तोच टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर कालचे पोर म्हणून उतरतो. त्याच्या पेटीचे वजन दोन्हीकडे सारखेच भरते. पेटीतल्या लोणच्याची चवही तीच असते. बदलते ती फक्त त्याच्या नऊ वर्षांची किंमत. ‘कॅनेडियन अनुभव आहे का?’ एवढे चार शब्द समोरचा साहेब हसतमुखाने उच्चारतो, आणि नऊ वर्षांवर काट मारली जाते.

ऐन दिवाळीत असला कडू विषय कशाला, असे वाचक म्हणतील. आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारिटे पायाच्या अंगठ्याने चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावतात, आणि मगच फराळाच्या ताटाला हात घालतात. हा लेख म्हणजे ते कारिटे समजावे. करंज्या-चकल्या पुढच्या पानांवर आहेतच.

दुसरा आक्षेप माझ्या अधिकाराचा. मी एका खेडेगावच्या शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी, म्हणजे आजोबांच्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परदेश मी फक्त नकाशात रंगवला आहे. पण चालू कादंबरीसाठी गेली तीन वर्षे परदेशी गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी बोलते करीत आहे. रात्री अकरा वाजता त्यांचे फोन येतात, कारण तिकडे तेव्हा दुपार असते. आणि शिवाय, ज्याच्याजवळ मोठे कागद नाहीत त्याला दारावरचे चौकीदार फार लवकर ओळखता येतात. ते ओळखण्यासाठी पदवी लागत नाही.

सगळ्यांत मासलेवाईक हकीकत आहे ती ‘एचआर’वाल्यांची. पूर्वी कारखान्यात यांना लेबर ऑफिसर म्हणत, मग पर्सोनेल मॅनेजर म्हणू लागले, आता ते मानव संसाधन अधिकारी झाले आहेत. माणसे निवडणे, त्यांचे पगार, रजा, तंटे आणि निवृत्ती पाहणे हा यांचा धंदा. म्हणजे माणसाची पारख करणे हेच ज्याचे पोट भरण्याचे साधन, तोच जेव्हा परमुलखात जाऊन दुसऱ्या पारख्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याला सांगण्यात येते की, बाबा रे, तुझी पारख आम्हांला करता येत नाही! सोनाराने सोनाराकडे सोने न्यावे आणि त्याने म्हणावे की, या गावच्या कसोटीवर घासलेले नसेल तर हे पितळच.

मुळात ‘मानव संसाधन’ हा शब्दच मला कधी पटला नाही. माणूस म्हणजे काय कोळसा आहे, की बॉक्साइट? आपल्या केंद्र सरकारने तर १९८५ साली शिक्षण खात्यालाच हे नाव दिले होते. शहाणपण सुचून ‘शिक्षण मंत्रालय’ हे नाव परत यायला २०२० साल उजाडले. पण घटकाभर हा शब्द खरा मानू. माणूस हे संसाधन आहे असे धरले, तरी हिशेब जुळत नाही. कोळसा सरहद्द ओलांडून गेला म्हणून कमी उष्णता देत नाही. देवगडचा हापूस बोटीत बसला की त्याचा भाव दुप्पट होतो, त्याला कोणी ‘इथल्या मातीचा अनुभव आहे का?’ असे विचारत नाही. सगळ्या संसाधनांत एक माणूसच असा अभागी, की तो जितका दूर जाईल तितका स्वस्त होतो.

माझी एक विद्यार्थिनी आहे. नाव सांगत नाही. आमच्या गावातून पुण्याला गेली, कामगार व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली, कामगार कायद्याची पदविका घेतली आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नऊ वर्षे एचआरमध्ये काम केले. आता हे काम म्हणजे काय, ते कचेरीत बसून कळत नाही. मराठवाड्यातून, बिहारातून, ओडिशातून आलेली शेकडो माणसे तीन पाळ्यांत एका छपराखाली आणायची. कँटीनच्या भाजीत मीठ जास्त झाले म्हणून दुपारची पाळी काम थांबवते, ती मिटवायची. कंत्राटदाराने भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरले की नाहीत याच्या पावत्या तपासायच्या. रात्री दोनला प्रेसखाली कोणाचा हात सापडला तर इस्पितळात जायचे, त्याच्या बायकोला गावी फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी विम्याचे कागदही बिनचूक भरायचे. आणि दिवाळी आली की बोनस! १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी जी चौकट आखली, तीच पुढे वेतन संहितेतही आली. पण त्या दोन आकड्यांच्या मधल्या प्रत्येक टक्क्यासाठी युनियनचे पुढारी एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला ओढत असतात. मध्ये ही बसलेली. कोणाचीही अब्रू न जाता आकडा ठरवणे ही काही पुस्तकात शिकण्याची विद्या नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत १९२४ साली बोनसवरूनच संप झाला होता, तेव्हापासून या विद्येची आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे.

ही मुलगी २०२३ साली कॅनडाला गेली. आणि कशाच्या जोरावर गेली? तर याच नऊ वर्षांच्या जोरावर! इथेच या थोतांडाची पहिली गंमत आहे. त्या देशाने १९६७ साली स्थलांतरितांसाठी गुणांची पद्धत सुरू केली. वर्ण आणि वंश न पाहता शिक्षण, भाषा, वय आणि अनुभव यांवर गुण द्यायचे, ही कल्पना खरोखर उदार होती. तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ती जिच्यातून गेली त्या कुशल कामगारांच्या योजनेत भाषेला जास्तीत जास्त २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५ असे गुण होते आणि १०० पैकी ६७ मिळवणारा पात्र ठरे. म्हणजे सरकार दारात उभे राहून सांगते : तुझा चाकणचा अनुभव आम्ही मोजला, तो खरा आहे, त्याचे हे गुण घे आणि आत ये. माणूस नोकरी सोडतो, भांडीकुंडी विकतो, आईवडिलांचा निरोप घेतो आणि आत जातो. आत बाजार बसलेला असतो. तो म्हणतो : कसला अनुभव? आम्हांला तर काही दिसत नाही. एकाच घराच्या ओटीवर पाहुण्याला आग्रहाने बोलवावे आणि माजघरात त्याला ताट मांडू नये, याला आमच्या गावात पाहुणचार म्हणत नाहीत.

पहिले वर्ष तिने गोदामात रात्रपाळीला खोकी भरली. खोकी भरण्यात कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या आजोबांनी मुंबईच्या गोदीत तेच केले. अन्याय कामात नाही. तीनशे माणसांचे तंटे सोडवणाऱ्या हाताला फक्त खोकीच उचलू द्यायची आणि वर ‘तुला दुसरे काही येत असल्याचा पुरावा नाही’ असे म्हणायचे, यात आहे. पुरावा कसा मिळवायचा? इथे काम करून. काम कसे मिळवायचे? पुरावा दाखवून. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असे सांगणारा गुरुजी फार तर स्वतःची विहीर कोरडी राखील; शिष्य काही पोहायला शिकणार नाही.

या अटीच्या बाजूने जे सांगितले जाते ते मी ऐकून घेतले आहे. ते असे की, बाकीच्या धंद्यांचे सोडा, पण एचआरचे काम त्या त्या मातीचे असते. कायदे वेगळे, माणसांच्या रीती वेगळ्या, रागावण्याच्या आणि समजूत घालण्याच्या तऱ्हा वेगळ्या. यात तथ्य आहे. वेल्डिंगची ठिणगी जगभर सारखी असते, रजेचा अर्ज तसा नसतो. पण म्हणून काय सिद्ध झाले? एवढेच, की नव्या माणसाने नवे कायदे शिकले पाहिजेत. मग शिकू द्या की! ऑन्टारिओ प्रांतात आठवड्याला ४४ तासांपुढे काम केले तर सर्वसाधारणपणे दीडपट मजुरी. आपल्या कारखान्यांत जादा कामाला दुप्पट. दीडपट आणि दुप्पट यांतला फरक आमच्या पाचवीच्या मुलांना एका तासात समजतो. ज्या बाईने भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, ग्रॅच्युइटी आणि औद्योगिक कलह यांचे कायदे नऊ वर्षे कोळून प्यायले, तिला तो समजायला किती पिढ्या लागतील?

आणि याच गोष्टीचा एक ताजा पुरावा आपल्याच घरात आहे. आपल्या देशातले २९ कामगार कायदे गुंडाळून त्यांच्या चार संहिता केल्या गेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्याचे सरकारने जाहीर केले. एका दिवसात भारतातला प्रत्येक एचआरवाला कायद्याच्या दृष्टीने नवखा झाला. तेव्हा कोणत्या कारखान्याने आपल्या अधिकाऱ्याला ‘तुला संहितेचा अनुभव नाही, सबब तू गोदामात जा’ असे सांगितले? कोणीही नाही. सगळ्यांनी पुस्तके आणली, शिबिरे भरवली, वकिलांना विचारले आणि काम पुढे चालवले. कायदा बदलला तर अनुभवी माणूस तो शिकतो. अनुभवाचा उपयोग तोच असतो. ज्या देशात कायदा बदलतो तिथे हे खरे, आणि जिथे माणूस देश बदलतो तिथे मात्र खोटे, हे कसे?

मी शिक्षक आहे. परीक्षा या गोष्टीवर माझा विश्वास आहे. ऑन्टारिओत या धंद्याची एक नियामक संस्था आहे, २०१३ च्या एका कायद्याने तिला अधिकार मिळाले आहेत. ती अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, सीएचआरपी, सीएचआरएल अशी बिरुदे देते. हे मला मान्य आहे. परीक्षा ही प्रामाणिक अडचण आहे. ती किती उंच आहे हे आधी कळते आणि अभ्यास करून ती ओलांडता येते. शिवाय हे बिरुद नसेल तर एचआरचे काम करायला तिथे कायद्याची मनाई नाही; डॉक्टरसारखी ही बंद पेठ नव्हे. म्हणजे इथे आड येतो तो कायदा नव्हे, मालकाची मर्जी. ‘इथला अनुभव’ ही अट अप्रामाणिक आहे ती याच कारणाने. ती मेहनतीने ओलांडता येत नाही. ज्याने ती घातली तोच ती उठवू शकतो.

आणि ती खरोखर अनुभवाची अट असती, तरी एक वेळ सोसली असती. पण ती तशीही नाही, हे त्यांच्याच एका अर्थशास्त्रज्ञाने आकड्यांनी दाखवून दिले आहे. फिलिप ओरियोपौलोस यांनी टोरांटो परिसरातल्या नोकरीच्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. इंग्रजी वळणाचे नाव, कॅनडातले शिक्षण आणि कॅनडातलाच अनुभव असलेल्या शंभर अर्जांपैकी १६ जणांना मुलाखतीचे बोलावणे आले. तोच अर्ज, तेच शिक्षण, तोच कॅनेडियन अनुभव, फक्त नाव भारतीय, पाकिस्तानी वा चिनी : बोलावणी ११. आणि नाव तसले असून शिक्षण व अनुभवही मायदेशातला असेल तर ५. सोळा, अकरा, पाच! सुज्ञ वाचकांनी हे तीन आकडे नीट पाहावेत. अनुभव इथला असूनही अकराच, म्हणजे नुसत्या नावाने पाच बोलावणी खाल्ली. पण खरी मेख पुढेच आहे. ब्रिटनमधून आलेल्या अर्जदारांना परदेशी असूनही काही तोटा झाला नाही. त्यांना स्थानिकांइतकीच बोलावणी आली. म्हणजे अटलांटिक समुद्रावरून आणलेला अनुभव भिजत नाही, आपला तेवढा भिजतो. पुढे मालकांना विचारले तेव्हा त्यांनी भाषेची शंका पुढे केली. पण अर्जात भाषेचे पुरावे असले तरी त्यांना पुरते वजन मिळाले नव्हते. आता या अटीला ‘अनुभव’ म्हणायचे की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे.

या साळसूदपणाचा इतिहास जुना आहे. १९०८ साली कॅनडाने एक नियम केला : जो कोणी येईल त्याने आपल्या मायदेशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता, एकाच तिकिटावर आले पाहिजे. या नियमात भारत हा शब्द कुठेही नव्हता. फक्त एवढेच, की भारतातून थेट कॅनडाला जाणारी बोट मिळत नव्हती! १९१४ साली कोमागाटा मारू या जहाजातून ३७६ हिंदी प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. दोन महिने जहाज बंदरात उभे राहिले. मोजके लोक सोडून बाकीच्यांना परत धाडण्यात आले, आणि कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर त्यांच्यांतल्या काहींना गोळ्या खाव्या लागल्या. पुढे २०१६ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणाबद्दल माफी मागितली. मागितली ते चांगलेच केले. १९०८ चा नियम आणि ‘इथला अनुभव’ यांत फरक आहे, तो मी नाकारत नाही. तेव्हा माणसाला बंदरात अडवीत, आता त्याला आत घेतात. पण शब्दांची घडण तीच आहे. कोणाचे नाव घ्यायचे नाही, सर्वांना एकच नियम लावायचा, आणि नियम असा शोधायचा की ठरावीक माणसांनाच तो पुरा करता येऊ नये.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे ढोंग आहे, असे त्या देशातल्याच मंडळींनी उघड म्हटले आहे. ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ साली जाहीर केले की, कॅनेडियन अनुभवाची सक्त अट हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे. २०२४ साली त्या प्रांताने कायदाच केला. १ जानेवारी २०२६ पासून २५ वा अधिक नोकर असलेल्या मालकाला जाहिरातीत वा अर्जाच्या नमुन्यात ही अट छापायला मनाई झाली. ज्या समाजाला आपले व्यंग कायद्याच्या पुस्तकात लिहिण्याची लाज वाटत नाही, तो समाज अगदीच वाया गेलेला नसतो. पण जाहिरातीतून शब्द गेला म्हणून डोक्यातून खोड जात नाही. आता ‘स्थानिक जाण’ विचारतात, ‘आमच्या वातावरणात बसेल का’ विचारतात, ‘ओळखी वाढवा’ म्हणून सांगतात. कॉफी पाजून ओळखी वाढवणे हा तिथे नोकरी शोधण्याचा राजमार्ग समजला जातो. आम्हां कोकण्यांना याचे नवल नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर नावाचा इसम माणसे भरायचा. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या पोराने आधी आपल्या गावचा जॉबर गाठायचा आणि त्याला दस्तुरी द्यायची, मग साच्यावर उभे राहायचे. जॉबर निदान दस्तुरी उघड मागत असे.

इथवर वाचून कोणी मराठी गृहस्थ मिशीवर ताव देऊन म्हणेल, ‘हे गोरे लोक असेच!’ त्यांना मी विनंती करतो की, मिशी क्षणभर सोडावी. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी अगदी असाच प्रयोग भारतात केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. थोरात हे आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाला ती ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाली. हे अर्ज कोणी बाजूला ठेवले? टोरांटोच्या साहेबाने नव्हे. आपल्याच शहरांतल्या कचेऱ्यांत आपल्याच सुशिक्षित मंडळींनी. आणि तिकडे निदान मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्याकडे खासगी नोकरीत जातीवरून वा धर्मावरून डावलल्याबद्दल जाब विचारणारा सर्वंकष कायदा अजून झालेला नाही.

आकडे राहू द्या. नांदेडच्या पोराला पुण्यात ‘इकडचा अनुभव आहे का?’ असे विचारतातच ना? गडचिरोलीच्या मुलीचे इंग्रजी फाडफाड नाही म्हणून तिची कागदपत्रे खाली सरकवतातच ना? मराठीत तर आडनाव म्हणजे उघडे पुस्तक; ते वाचून झाले की अर्जाचे पुढचे पान उलटण्याची गरजच अनेकांना वाटत नाही. कालपर्यंत ज्यांनी खुर्चीत बसून ही नावे चाळली, त्यांच्यांतलेच काही आज ब्रॅम्प्टनमध्ये रांगेत उभे आहेत आणि त्यांची नावे दुसरा कोणी चाळतो आहे. या योगायोगावर मला हसू येत नाही. ज्याला चाळण माहीत आहे, त्याने तरी ती मोडली पाहिजे, एवढेच मी म्हणतो.

पण मोडतो कोण? तिकडे आधी पोहोचलेली आपलीच काही मंडळी नवागताला काय सांगतात, ठाऊक आहे? ‘आम्हीही भोगले, तूही भोग. दोन वर्षे फुकट काम कर, नाव जरा सुटसुटीत करून घे, सगळे ठीक होईल.’ सासूने भोगले म्हणून सुनेनेही भोगावे, हा आपल्या माजघरातला जुना कायदा यांनी कष्टाने विमानात भरून नेला आहे. बाकी सगळा अनुभव वाटेत गळाला, हा तेवढा शाबूत पोहोचला! नाव सुटसुटीत करण्याचा उपदेश तर मला मुळीच मान्य नाही. ज्या आत्याने बारशाला पाळण्यात वाकून कानात नाव सांगितले, तिला न विचारता ते कापायचे, आणि कशासाठी? तर ज्याला चार अक्षरे उच्चारण्याचा कंटाळा, त्याची सोय व्हावी म्हणून!

आणि घरी बसलेले आपण? ‘आमची मुलगी कॅनडाला असते’ हे वाक्य आपण ज्या थाटात उच्चारतो, त्या थाटामुळेच तिला खरे बोलता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती फोनवर नवी साडी नेसून दिसते. रात्रपाळीचे जाड बूट चित्राच्या चौकटीबाहेर असतात. पोरांनी आपल्यापासून अपयश लपवावे असे वातावरण आपण घरात करून ठेवले आहे. तेव्हा या फराळाच्या दिवसांत परदेशी पोराला ‘पगार किती?’ हा प्रश्न विचारू नये. ‘काम काय करतोस, आणि ते तुझ्या शिक्षणाचे आहे का?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर फोन खाली ठेवण्याची घाई करू नये.

माझ्या त्या विद्यार्थिनीला अखेर काम मिळाले. माणसे पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत, सहा महिन्यांच्या करारावर, पगारपत्रके करण्याचे. दिवसा काम, रात्री त्या प्रांताच्या कामगार कायद्याचा अभ्यास. हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मी तोच सांगेन : मोठ्या हुद्द्याच्या जाहिरातींमागे वर्ष घालवू नये, पगारपत्रक, हजेरी, भरती यांपैकी जे दार किलकिले असेल त्यातून आत शिरावे, कायदा आणि परीक्षा यांना मात्र जाण्यापूर्वीच हात घालावा, आणि आपल्या नऊ वर्षांचे वर्णन ‘जबाबदाऱ्या सांभाळल्या’ असे मोघम न करता, किती माणसे, कोणता तंटा, काय निकाल, असे आकड्यांनी करावे. फुकट राबण्याचा आग्रह कोणी धरला तर त्या प्रांतात किमान वेतनाचा कायदा आहे, हे लक्षात ठेवावे.

पण लेखाचा खरा मुद्दा यापुढचा आहे. कराराचे काम संपता संपता तिला भरतीच्या टेबलावर बसवले. समोर अर्जांचा ढीग. वरिष्ठाने तोंडी सांगितले : इथला अनुभव नसलेले आधी बाजूला काढ, म्हणजे काम हलके होईल. छापील कायदा त्याला मनाई करतो, तोंडी हुकूम कुठेच नोंदला जात नाही. त्या रात्री तिचा फोन आला. ‘सर, मी करार वाढण्याची वाट बघतेय. नाही म्हटलं तर तो वाढणार नाही. काय करू?’

घर चालवण्याची जबाबदारी जिच्यावर आहे तिला ‘नोकरीवर लाथ मार’ असे मी इथे आरामखुर्चीत बसून सांगणार नाही. ते सोपे आणि नीच ठरेल. मी तिला आमच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रांवर मुलाचे नाव नसते, आसन क्रमांक असतो. तपासणाऱ्याला फक्त रेषा दिसते. मूल कोणाचे, कुठल्या वाडीचे, हे त्याला कळत नाही आणि कळायचे कारणही नाही. मी म्हटले, ‘पोरी, तू त्यांच्याशी भांडू नकोस. तू त्यांना काम हलके करण्याचीच दुसरी युक्ती सांग. अर्जांवर क्रमांक टाक, नाव आणि गाव झाकून टाक, आणि काम काय केले तेवढेच वाचून पहिले वीस निवडून दाखव. मग झाकण काढ. निवड चुकली असे त्यांना वाटले तर त्यांनी तसे तोंडाने म्हणावे.’

तिने तसे केले. वीस अर्जांतले सात बाहेरच्या अनुभवाचे निघाले. वरिष्ठाने भुवया उंचावल्या. पण सातांतल्या चौघांना मुलाखतीला बोलावले. तिचा करार वाढेल की नाही, हे मी लिहीत असताना ठरलेले नाही.

चार ही काही क्रांती नव्हे. पण हा लेख ज्यांच्या घरी वाचला जाईल, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी भरतीच्या टेबलावर बसणारे असेल. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात, नाही तर टोरांटोत. भाऊबीज आटोपून कचेऱ्या उघडतील आणि सुटीत साचलेले अर्ज समोर येतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पहिला अर्ज उचलाल तेव्हा डावा तळहात त्याच्या माथ्यावर ठेवा. नाव झाकले जाईल, गाव झाकले जाईल. मग खाली त्या माणसाने काय केले आहे ते वाचायला सुरुवात करा.